बसत नाही

प्रिय कानसेन,

टक, टाक्, टाक्. एक हलका, दोन जड. आज दुपारी चहाचा कप विसळताना हा आवाज एकदम कानात आला आणि मी नळ बंद करून तसाच उभा राहिलो. दारात कुणी नव्हतं. घरात कुणी नसतं हे तर तुला ठाऊकच आहे. आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा होता. नव्या लिफ्टच्या डब्यात शिरलीस की बटणाला हात लावण्याआधी तू बोटांच्या पेरांनी आतल्या पत्र्यावर असं वाजवायचीस, मान तिरकी करून ऐकायचीस आणि मगच चाचणीच्या वहीत खूण करायचीस. इंजिनिअर मंडळी हसायची. म्हणायची, बाई लिफ्टला विचारतायत, आत येऊ का? मी मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली फाईल घेऊन जिन्यातच थबकलो होतो, कारण ते लघु, गुरू, गुरू होतं. य गण. शाळेत आमचे भाषेचे गुरुजी लाकडी डस्टरने टेबलावर हाच गण वाजवायचे आणि ओळीत चारदा वाजला की भुजंगप्रयात झाला म्हणायचे. मी हे तुला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर तू म्हणालीस, "असेल बाबा. मला आपलं पत्रा ढिला आहे का तेवढंच कळतं." लिफ्टच्या कारखान्यात तीस वर्षं काढली मी, पण तिथलं वृत्तात बसणारं असं एवढं एकच मला सापडलं.

मार्चनंतर तुझं पत्र नाही. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते झालं असेल आणि भाची तुला टेबलाशी बसू देत नसेल, अशी मी माझी समजूत घालतो. मध्ये मी दोन पत्रं टाकली, ती पोचली का? माझी बातमी म्हणशील तर काही नाही. मुलगा रविवारी फोन करतो. दूरच्या देशात आहे म्हणून त्याची सकाळ ती माझी संध्याकाळ, त्यामुळे तो "गुड मॉर्निंग बाबा" म्हणतो आणि मी दिवा लावत असतो. नात फोनवर मला कविता म्हणून दाखवते, पण तिच्या भाषेत. मी हूं हूं करतो, ठेका तेवढा धरतो. आमच्या हिला जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिच्या बाजूची खुर्ची मी वर्तमानपत्रं ठेवायला वापरतो, म्हणजे रिकामी दिसत नाही. खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला की म्हणतो, "काय कविराज, आज काय नवीन?" आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. आपल्याच कंपनीची लिफ्ट आहे या इमारतीत. ती तिसऱ्या मजल्यावर थांबली की दाराआधी एक हलकासा गचका देते. तू असतीस तर पास केली नसतीस. पण थांबतेच कुठे ती तिसऱ्यावर? समोरचं घर तीन वर्षं बंद आहे, आणि माझ्याकडे यायचं ते एक तुझं पत्र येतं, तेही खालच्या पेटीत.

हे सगळं मी वळसे घालत लिहितोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या कानाला खडखड आधी कळते. तर सरळच लिहितो. हे पत्र वाचून झाल्यावर तू मला पुन्हा लिहिशील की नाही, मला माहीत नाही. एकोणीस वर्षं आपण एकमेकांना लिहितो आहोत. ती पत्रं ज्या एका गोष्टीवर उभी आहेत ती गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे फक्त मला माहीत आहे. तू लिहिणं थांबवलंस तर तो तुझा हक्क. मला मग खाली पेटीपर्यंत जायचं कारण उरणार नाही, एवढंच.

गेल्या सोमवारी कंपनीचं पत्र आलं. जाड पिवळसर पाकीट, वर जुनंच चिन्ह. मला वाटलं, पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला मागतात तसं काही असेल. पण आत खुद्द नव्या संचालकबाईंची सही. या बाई बाहेरून आल्यात, वर्षही झालेलं नाही. त्या लिहितात, पुढच्या शुक्रवारी कंपनीचा मुख्य अधिकारी निवडायचा आहे. तीन उमेदवार. त्यातली एक आपल्या चाचणी विभागातून वर आलेली, नदीपलीकडच्या वस्तीतली. पहिल्या फेरीत गुण तिला सगळ्यांत जास्त, आणि तरी निवड समितीतल्या एका जुन्या सभासदाने तिच्या कागदावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "ब. ना." बाईंनी विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, अर्थ असा नाही, आपल्याकडे असंच लिहितात. बाईंनी कपाटं उघडली. छत्तीस वर्षांत एक्केचाळीस कागदांवर त्यांना हा शेरा सापडला, त्यातल्या निम्म्यांवर चक्क रबरी शिक्क्याने मारलेला. सगळ्यांत जुन्या कागदावर मात्र तो पूर्ण आहे, पेन्सिलीने, सही नसलेला: "बसत नाही". त्या कागदाची प्रत त्यांनी पाकिटात घातली होती. अध्यक्ष म्हणून मोठ्या साहेबांची सही खाली असल्याने शेराही त्यांचाच असावा असा आमचा तर्क आहे, पण आपण त्या समितीचे सचिव होता, तर हे अक्षर कोणाचं ते आठ दिवसांत कळवावं, अशी विनंती. पत्राची मांडणी मात्र सुबक. विषय, संदर्भ, समास, सगळं जिथल्या तिथे. मी सहीपर्यंत वाचलं आणि पाकिटात परत घातलं. आज सातवा दिवस.

तो कागद तुझा आहे.

आता तुला तो दिवस आठवला असेल. मला तर कालचा वाटतो. सहाव्या मजल्यावरची लांब टेबलाची खोली, पाच खुर्च्या, पाण्याच्या ग्लासांवर झाकणं. मी टोकाला, टिपणं काढायला. मला तिथे मत नव्हतं, पण मान होता. मसुद्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून सुधारून कंपनीने माझं नावच ऱ्हस्वदीर्घ ठेवलं होतं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तेच म्हणायचे, आणि नवीन कारकुनांना मी शिकवायचो की, पत्र सहीपाशी संपत नाही बाबांनो, "प्रत रवाना"पाशी संपतं, तिथवर नजर गेली पाहिजे. तू माझ्या नावातलं ऱ्हस्व काढून टाकलंस आणि नुसतं "दीर्घ" म्हणू लागलीस, मी सहा फूट म्हणून. तर ती खोली. तू आत आलीस, करडा कोट, खिशात पेन्सिल. बसण्याआधी टेबलाला पेर लावून वाजवलंस, अगदी हळू, सवयीने. मला हसू आलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, समजा चौदाव्या आणि पंधराव्या मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत आठ जण आहेत, तर कारखानाप्रमुख म्हणून तुम्ही पहिलं काय कराल? आधीचे दोघे दोर, मोटर, ब्रेक असं सांगून गेले होते. तू म्हणालीस, "आधी त्यांना आवाज द्यायचा. मानसं अडकलीत म्हटल्यावर दोर मागाहून. आपन इथं आहोत, जात नाही, हे त्यांना कळलं पाहिजे. घाबरलेला मानूस आतून दार उघडायला बघतो, आणि मरतो तो तिथं."

इतकं चांगलं उत्तर मी त्या खोलीत त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. पाचांपैकी चौघांनी तुला सगळ्यांत जास्त गुण दिले, हे तुला मी कधीच सांगितलं नाही. आज सांगतो. बेरीज मीच केली होती. तू पहिली होतीस, आणि दुसरा तुझ्या बराच मागे.

तू बाहेर गेलीस. मोठे साहेब म्हणाले, "बाई हुशार आहे, प्रश्नच नाही. पण..." आणि तो "पण" तसाच टेबलावर पडून राहिला. मग एकेकाने तो थोडा थोडा पुढे सरकवला. खरेदीवाले म्हणाले, बाहेरचे पाहुणे येतात, जेवणं असतात, भाषणं असतात. दुसरे म्हणाले, नदीपलीकडची म्हणून मी म्हणत नाही हं, माझ्या मनात तसलं काही नाही. तिसऱ्यांनी विचारलं, बाईमाणूस रात्रपाळीच्या कामगारांना आवरेल का? त्यावर चौथे म्हणाले, आत्ता तीच आवरते. सगळे हसले. वाईट माणसं नव्हती ती, त्यांनी माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घड्याळ दिलं होतं, अजून चालतं. अडचण एवढीच होती की तुझे गुण पहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी कारण लिहावं लागणार. कारण तर कुणाकडे नव्हतं. मोठे साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ऱ्हस्वदीर्घ, तुम्ही शब्दांचे माणूस. सुचवा बघू काहीतरी. बाईंना लागायलाही नको."

मी नुसतं "सुचत नाही" म्हणालो असतो तरी चाललं असतं. कुणी माझी नोकरी घेतली नसती. मी हे तुला नीट सांगतो आहे, कारण सक्ती झाली असा तुझा समज मला नको. उलट मला बरं वाटलं. पाच साहेब एका शब्दासाठी माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि शब्द आला, गुरुजींच्या वर्गातून थेट. मी म्हणालो, कवितेत कधीकधी एखादा शब्द अगदी चांगला असतो, अर्थ चांगला, नाद चांगला, पण ओळीत बसत नाही. त्यात शब्दाचा दोष नसतो. वृत्तच तसं असतं. मोठ्या साहेबांनी "वा!" म्हटलं. खरंच म्हटलं, मैफलीत म्हणतात तसं. "शब्दाचा दोष नसतो," त्यांनी माझं वाक्य घोळवलं आणि टेबलाभोवती सगळ्यांचे खांदे खाली आले. मग मी पेन्सिल उचलली आणि रकान्यात लिहिलं, "बसत नाही". ऐक एकदा: ब-स-त-ना-ही. तीन हलकी पावलं आणि मग दोन जड. कुणीतरी पाय न वाजवता दारापर्यंत जावं आणि मग दार लावून वर कडी घालावी तसं. मला तेव्हा ते ऐकू आलं होतं, आणि आवडलं होतं.

संध्याकाळी मी तुझ्यासाठी चहा घेऊन चाचणीच्या शेडमध्ये आलो. तू एका डब्याच्या छपरावर बसून दोराला वंगण लावत होतीस. मी खालूनच म्हणालो, "साहेबांनी खोडा घातला. मी भांडलो गं, खूप भांडलो, पण माझं तिथे चालतंय कुठे." तू वंगणाचा हात पुसत राहिलीस. मग खाली उतरलीस, कप घेतलास आणि म्हणालीस, "असू दे. कुनीतरी भांडलं माझ्यासाठी. एवढं पुरे." त्या दिवशी आपली मैत्री झाली. त्याआधी मी तुझ्यासाठी फक्त वर बसणारा एक कारकून होतो. नंतरच्या सतरा वर्षांचे दुपारचे चहा आणि एकोणीस वर्षांची पत्रं त्या एका वाक्यातून आली. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तू मला पहिल्यांदा "अरे" म्हणालीस. आमची ही गेली तेव्हा तू आठ पानी पत्र लिहिलंस, ते मी अजून उशाशी ठेवतो, आणि त्यात तू लिहिलं होतंस, "माझ्या वाट्याला जगात एक मानूस आला जो माझ्या बाजूने बोलला." तू लिहितानाही "मानूस"च लिहितेस. मी ऱ्हस्वदीर्घ, पण तुझ्या पत्रातली एक अक्षरचूक मी कधी सुधारली नाही. तुला वाटत असेल प्रेमाने. प्रेम होतंच. पण त्या एका वाक्याला हात लावायचा मला धीर नव्हता.

तू वर गेली नाहीस. ज्याला नेमलं त्याला ब्रेक आणि बफर यांतला फरक तू शिकवलास, तोही बिचारा रोज खाली यायचा, "बाई, एक मिनिट." तीन प्रमुख तुझ्या हाताखालून वर गेले. तू हसून म्हणायचीस, "लिफ्ट मी तपासायची आणि वर दुसऱ्यांनी जायचं, हाच तर धंदा आहे आपला." आणि माझा शब्द कंपनीत रुळला. पुढच्या वर्षी लंगडणाऱ्या इंजिनिअरसाठी कारण हवं होतं, तेव्हा मोठे साहेब म्हणाले, ते तुमचं कवितेचं काय ते, तेच लिहा. टंकलेखिकेने जागा वाचवायला "ब. ना." केलं. कुणीतरी शिक्का करून घेतला. मग तर बोलण्यातच आलं. आठवतं? अमक्याचा बना झाला. तमकीचा बना होणार. कँटीनमध्ये तूच विचारायचीस, "काय दीर्घ, आज कुनाचा बना?" आणि मी हसायचो. प्रत्येक वेळी हसायचो. तो कुठून आला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिला बना आपलाच झाला हे तुलाही नाही. एक्केचाळीस माणसं, कानसेन. त्यांतल्या काहींना मी समोरून नमस्कार करायचो.

इथवर लिहिलं आणि उठून खिडकीशी गेलो. परत आलो, कारण खरं अजून लिहायचंच आहे. वर जे लिहिलं ते काय केलं त्याचं झालं. का केलं, ते मी हिलाही सांगितलं नव्हतं.

तू "मानसं" म्हणालीस, "आपन" म्हणालीस, तेव्हा टेबलाभोवतीचे पाचही जण ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. माझ्या मानेवर मात्र घाम आला. कारण तो आवाज माझ्या आईचा होता. मी नदीपलीकडचा आहे, कानसेन. तुझ्या वस्तीच्या वरच्या अंगाला, विटांच्या भट्टीमागे आमची खोली होती. तू जन्मली असशील तेव्हा आम्ही नदीच्या अलीकडे आलो. आई धुणीभांडी करायची आणि मला अलीकडच्या शाळेत घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी "पानी प्यायला जाऊ?" विचारलं आणि वर्ग फुटला. त्या हशात न हसलेले एकटे गुरुजी. त्यांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि कविता पाठ करायला लावल्या. "ण" चुकला की डस्टर टेबलावर, जड. बरोबर आला की हलका. असं करत करत मी कवितेत आलो. लोकांना वाटतं मला कवितेची आवड. आवड लागली, पण आधी ती माझी लपायची जागा होती. वृत्तात बोलणाऱ्याला तू कुठला, असं कुणी विचारत नाही. बारा वर्षांचा होईतो मी आईला घरातसुद्धा सुधारायला लागलो होतो. "पानी नाही आई, पाणी." ती हळूहळू माझ्यासमोर कमी बोलू लागली. कंपनीच्या वार्षिक समारंभाला घरचे बोलवत, तेव्हा मी आईला एकदाही नेलं नाही. सांगायचो, तिला दमा आहे. दमा नव्हता तिला. "ण" नव्हता.

म्हणून त्या दिवशी तू त्या टेबलाशी बसायला निघालीस तेव्हा मी घाबरलो. तू तिथे रोज बोलली असतीस. "आपन" म्हणाली असतीस, खुशाल, न लाजता, आणि तुझ्या शेजारी बसून एखाद्या दिवशी माझ्याही तोंडून निघालं असतं. त्या पाच जणांकडे तुझ्याविरुद्ध फक्त एक "पण" होता. त्या खोलीत तुला ओळखणारा मी एकटा होतो, आणि शब्द मी दिला. शेरा तुझ्या कागदावर लिहिला, पण न बसणारा माणूस मी होतो. इथे तरी मी "मानूस" लिहायला हवं होतं. पण नाही, मी "माणूस" लिहिलं. अजूनही हात "ण"च लिहितो. साठसत्तर वर्षांचं वळण आहे, जाता जात नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. क्षमा मागायला नाही. ती मागायची तर तेव्हाच, खाली उभं राहून, हातात चहा असताना मागायला हवी होती. संचालकबाईंना मी उत्तर लिहून ठेवलं आहे, समोरच आहे: अक्षर माझं आहे, मोठ्या साहेबांचं नाही, शब्दही माझा. मेलेल्या माणसावर ढकलणं फार सोपं झालं असतं, आणि ते "वा!" म्हणाले होते हे खरं असलं तरी लिहिलं मी. पण त्यांच्या पत्रात आणखी एक ओळ होती. शुक्रवारच्या निवडीला बाहेरचा एक जुना माणूस त्यांना समितीत हवा आहे, भाषेची जाण असलेला, म्हणून त्यांनी मलाच बोलावलं आहे. कल्पना कर! मी खाली लिहिलं की, मी येणार नाही, माझा कान बिघडलेला आहे. ज्यांचा कान बरोबर आहे त्यांचा पत्ता देतो. आणि तुझा पत्ता लिहिला. त्या खोलीत, त्या टेबलाशी, तू जाऊन बस, कानसेन. छत्तीस वर्षं उशिराने का होईना. ती मुलगी आत येईल, "आपन" म्हणेल, कुणीतरी "पण" म्हणेल आणि शब्द शोधायला लागेल. तिथे कुणीतरी असं हवं ज्याला खडखड आधीच ऐकू येते. तुझं बोलणं झालं नाही तरी चालेल, नुसतं टेबलावर एकदा वाजव. माझ्यावर रागावून बस, मला पुन्हा कधी लिहू नकोस, पण तिथे जा. उद्या सकाळी आधी हे पत्र पेटीत टाकेन, मग बाईंचं. हा क्रम मी ठरवला आहे.

तुझाच, आणि यापुढे नुसताच,
ऱ्हस्व

ता. क. पाकिटावर तुझा पत्ता लिहिताना कंपनीचं पत्र पुन्हा उघडलं, तारीख तपासायला, आणि या वेळी नजर सहीच्या खाली गेली. तीस वर्षं मी पोरांना काय शिकवत होतो! तिथे बारीक अक्षरात आहे, "प्रत रवाना, सोबतच्या कागदासह, माहितीसाठी:" आणि पुढे तुझं नाव, तुझा हुद्दा, तुझा पत्ता. म्हणजे तो पेन्सिलीचा शेरा आठवडाभर तुझ्याही हातात आहे. आणि एकोणीस वर्षांची माझी पत्रं तुझ्या कपाटात. तुला काही ताडून बघायचीही गरज पडली नसणार, माझी वेलांटी तू लांबूनसुद्धा

लिफ्ट वर येते आहे. दुसरा ओलांडला. थांबली. तोच गचका. समोरचं घर बंद आहे, मुलगा दूरदेशी, शिंपी जिन्याने येतो. दार अजून उघडलेलं नाही. आत काठी टेकल्याचा आवाज झाला, आणि आता कुणीतरी आतल्या पत्र्यावर पेरांनी वाजवतंय.

टक, टाक्, टाक्.

पत्र पेटीत टाकायला नको. हातातच देतो. दार उघडायला उठतो आहे.